कुत्रा आणला म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात

माझ्या मावसबहिणीने गेल्या आठवड्यात चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत आणि आमच्यापैकी कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. मी सहज भेटायला गेले तर बाई भिंतीला हात धरून चालत होती. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणाली, मळमळतंय, तीन रात्री धड झोप नाही. आणि पायाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात दीड महिन्याचं पिल्लू कुईं कुईं करत होतं. टेबलावर गोळ्यांची स्ट्रिप होती. ती प्रत्येक गोळीच्या मागे पेनने तारीख लिहून ठेवते, विसरायला नको म्हणून. अकरा महिने हा नेम चुकला नव्हता. त्या दिवशी चार तारखा उलटून गेल्या होत्या आणि चारही गोळ्या जागच्या जागी.

काय गं हे, म्हटलं, तर तिने फोन पुढे केला. आमच्याच मोठ्या मावशीने पाठवलेला फॉरवर्ड. तुमच्याही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो नक्की आला असणार, वर लिहिलंय 'डिप्रेशनवर एकच रामबाण उपाय : कुत्रा'. खालचे मुद्दे थोडक्यात सांगते. साठ वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सिद्ध केलंय की कुत्रा हाच खरा मानसोपचारतज्ज्ञ. कुत्र्याला माणसाच्या मनातली निराशा वासावरून कळते आणि आत्महत्येचा विचार तो दोन दिवस आधी ओळखतो. तो आपलं दुःख स्वतःमध्ये शोषून घेतो. कुठलाही कुत्रा थेरपी डॉग असतो, पिल्लू असेल तर उत्तमच. परदेशात सरकारने याला औषधाचा दर्जा दिलाय. आणि शेवटी, २१ दिवस रोज २० मिनिटं कुत्र्याला मिठी मारा, गोळ्या आपोआप सुटतात, पहिल्याच दिवसापासून बंद केल्या तरी चालतं.

मी हे का लिहितेय ते आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी म्हणणार हिला कुत्री आवडत नाहीत. माझ्याकडे भुरी ही कुत्री आहे, सात वर्षांची, थेरपी डॉग, आणि गेली चार वर्षं मी तिची हँडलर म्हणजे तिला सांभाळणारी म्हणून आठवड्यातून एकदा मानसोपचाराच्या वॉर्डात तिच्याबरोबर जाते. कुत्र्यामुळे काय होतं ते मी जमिनीवर बसून, हातात तिचा पट्टा धरून बघितलंय. म्हणून तर जास्त राग आला. ज्या कामावर माझा इतका जीव आहे त्याच कामाचं नाव घेऊन कुणीतरी माझ्या बहिणीच्या गोळ्या काढून घेतल्या.

शेवटचा मुद्दा सगळ्यात आधी घेते, कारण बाकीचे चुकीचे आहेत पण हा माणसाचा जीव घेऊ शकतो.

डिप्रेशनच्या गोळ्या एका दिवसात बंद करायच्या नसतात. महिनोन्‌महिने गोळी चालू असते तेव्हा मेंदूने त्या गोळीशी जुळवून घेतलेलं असतं, ती एकदम काढली की चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, झोप उडणं आणि ते डोक्यातले करंटचे झटके, हे सगळं होऊ शकतं. बहिणीला जे होत होतं ते हेच, आणि तिला वाटत होतं की आजार परत आला. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, काहींचा काही आठवड्यांत उतरतो, काहींना महिने लागतात.

पण खरा धोका या झटक्यांच्या पुढे आहे. २०२१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास आला, अँटलर नावाचा. ४७८ माणसं, सगळी दीर्घकाळ गोळ्या घेणारी, आणि मुख्य म्हणजे सगळी बरी वाटत असलेली, 'आता बंद करून बघू का' असं म्हणणारी. अर्ध्यांच्या गोळ्या चालू ठेवल्या आणि अर्ध्यांच्या हळूहळू उतरवत बंद करून त्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. वर्षभरात चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं डिप्रेशन उलटलं, म्हणजे परत आलं, आणि बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं. परत वाचा : हे बरी वाटणारी माणसं, डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू बंद करूनसुद्धा. माझी बहीण अजून पूर्ण बरी नव्हती, तिच्यावर कुणाची नजर नव्हती आणि तिने एका सोमवारी सकाळी गोळी नुसती घ्यायचीच सोडली.

याच आकड्यांमध्ये दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. बंद केलेल्यांपैकी ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले. म्हणजे गोळ्या जन्मभरच असतात असं अजिबात नाही, सुटतात, खूप जणांच्या सुटतात. पण त्या कधी आणि कशा सोडायच्या हे डॉक्टरांबरोबर बसून ठरतं, मेसेज वाचून नाही. आणि हो, चालू ठेवलेल्यांपैकीही ३९ टक्के लोकांचा आजार उलटला, म्हणजे गोळी ही काही जादू नाही हेही मला मान्य आहे.

आता २१ दिवस हा आकडा बघा. तो इतका फसवा का आहे ते माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. डिप्रेशन गोळी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी उलटेलच असं नाही, बऱ्याचदा ते काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी उलटतं. आणि नवीन पिल्लू घरात आलं की पहिले पंधरावीस दिवस घर कसं असतं ते सगळ्यांना माहितीये, नाव काय ठेवायचं, फोटो काढ, हसा, धावा. म्हणजे ज्यांना सुरुवातीचे झटके बसत नाहीत त्यांना २१ व्या दिवशी खरंच बरं वाटत असणार! मग तो माणूस आनंदाने मेसेज पुढे पाठवणार, 'मी स्वतः अनुभव घेतलाय' असं वर लिहून. दोन महिन्यांनी तो पुन्हा अंथरुणाला खिळला तर ते कुणी फॉरवर्ड करत नाही. उलट त्याच्या मनात बसतं की एवढ्या प्रेमळ जिवानेही मला बरं केलं नाही म्हणजे दोष माझ्यातच आहे. डिप्रेशनमध्ये माणूस तसाही प्रत्येक गोष्टीचा दोष स्वतःकडे ओढून घेतो, त्यात ही भर.

वासाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत २०२२ साली एक प्रयोग झाला. ३६ माणसांचा घाम आणि श्वास आधी शांत असताना घेतला, मग त्यांना घाईघाईत तोंडी अवघड गणितं करायला लावली आणि पुन्हा नमुना घेतला. चार कुत्र्यांनी ताणानंतरचा नमुना ९३.७५ टक्के वेळा बरोबर ओळखला. जबरदस्त आहे हे, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भुरीकडे बघतच बसले. पण त्यात नेमकं काय ओळखलं? तर गणित करताना शरीराला आलेला ताण, त्याच माणसाच्या ताण नसतानाच्या नमुन्याशेजारी ठेवलेला, आणि तेही त्याच कामासाठी मुद्दाम शिकवलेल्या कुत्र्यांनी. कॅनडातल्या डलहौसी युनिव्हर्सिटीने २०२४ साली मानसिक आघात सोसलेल्या लोकांच्या श्वासावर असाच प्रयोग केला, त्यात शेवटपर्यंत काम केलेले कुत्रे होते दोन. यातून 'घरातला कुत्रा आत्महत्येचा विचार दोन दिवस आधी ओळखतो' इथपर्यंत उडी कुणी मारली मला माहीत नाही, पण विचाराला वास नसतो, आणि ते दोन दिवस कुठल्याच प्रयोगात नाहीत.

हे वाक्य नुसतं खोटं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण घरच्यांचं काय होतं विचार करा. कुत्रा शांतपणे झोपलाय, शेपूट हलवतोय, म्हणजे हिचं बरं चाललंय, आज तिला एकटं सोडून गेलं तरी चालेल! आमच्या मावशीने मला अगदी हेच सांगितलं, की पिल्लू घरात आहे ना, काही असेल तर ते कळवेल. सहा आठवड्यांचं पिल्लू! त्याला स्वतःची शू कळत नाही अजून. घरातल्या माणसाबद्दल अशी भीती वाटत असेल तर त्याला सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो हा समज खोटा आहे, अभ्यासांमध्ये तसं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, गोळ्या आणि धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत आणि डॉक्टर किंवा हेल्पलाइन, त्याच वेळी.

'कुत्रा आपलं दुःख शोषून घेतो' हे वाचून लोकांना भरून येतं, मला समजतं का ते. तुम्ही रडताय आणि कुत्रा येऊन मांडीवर डोकं ठेवतो, ते खरंच घडतं. लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये २०१२ साली १८ कुत्र्यांवर बघितलं होतं, माणूस रडायचं नाटक करायला लागला की बहुतेक कुत्रे जवळ गेले, आणि मालकच नाही, परका माणूस रडत असला तरी त्याच्याकडे गेले. पण शोषून घेतो म्हणजे काय, त्याच्या पोटात कुठे टाकी आहे का ती? स्वीडनच्या लिनशॉपिंग युनिव्हर्सिटीने २०१९ साली ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले, केसांमध्ये महिनोन्‌महिन्यांच्या कॉर्टिसॉलची म्हणजे ताणाच्या हार्मोनची नोंद राहते. मालकिणीचा ताण जास्त तिथे कुत्र्याचाही जास्त निघाला. म्हणजे तुमचं ओझं कमी होऊन त्याच्याकडे जात नाही, तुमचं तुमच्याकडेच राहतं आणि त्याच्यावर आणखी एक चढतं.

हे मी भुरीत दर आठवड्याला बघते. सुरुवातीचा पाऊण तास ती मजेत असते. मग जीभ ओठांवरून फिरायला लागते, जांभया येतात, मान दुसरीकडे वळवते, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं झोप आली बिचारीला. झोप नसते ती, ती सांगत असते की आता पुरे. तेव्हा मी समोर कुणीही असो, कितीही छान चाललेलं असो, उठते आणि तिला बाहेर नेते. पेट पार्टनर्स ही अमेरिकेतली या क्षेत्रातली जुनी संस्था, त्यांचा नियम आहे की प्राण्याने दिवसात दोन तासांपेक्षा जास्त व्हिजिट करायच्या नाहीत. भुरीला तेवढंही झेपत नाही, आम्ही एका तासात थांबतो. आणि मेसेजवाले सांगतात २० मिनिटं मिठी मारा. बऱ्याच कुत्र्यांना मिठी आवडत नाही हो, गळ्याभोवती हात टाकून आवळलं की त्यांना अडकल्यासारखं होतं, रोज २० मिनिटं हे केलं तर एक दिवस तो चावेल आणि मग चावरा म्हणून त्यालाच घराबाहेर काढाल.

आता कुठलाही कुत्रा थेरपी डॉग असतो या मुद्द्याबद्दल. भुरीआधी माझ्याकडे एक कुत्रा होता, जीव लावणारा, पण स्टीलचं भांडं पडलं की पलंगाखाली जायचा. तो या कामाचा नव्हता, बस. भुरीची टेम्परामेंट टेस्ट म्हणजे स्वभावाची परीक्षा झाली तेव्हा तिच्यामागे मुद्दाम वॉकर, म्हणजे आधाराने चालायची चौकट, आपटला, एकाने ओरडत येऊन तिचे कान धरले, दोन अनोळखी माणसं तिच्या अंगावर एकदम वाकली. ती दचकली पण लगेच सावरली आणि माझ्याकडे बघायला लागली, ते 'माझ्याकडे बघणं' बघतात परीक्षक. लसी, जंत, त्वचा सगळं तपासलं जातं. पेट पार्टनर्स एक वर्षाखालचा कुत्रा घेतच नाहीत आणि कच्चं मांस खाणाराही घेत नाहीत, कारण त्यातले जंतू आजारी माणसापर्यंत जाऊ शकतात. पिल्लू उत्तम म्हणणाऱ्याने पिल्लू सांभाळलेलं नाही. ते रात्री दर दोनतीन तासांनी उठवतं, हाताला सुईसारखे दात लावतं, आणि ज्या बाईची झोप आधीच उडालीये तिला तुम्ही आणखी जागं ठेवताय. झोप मोडणं हे डिप्रेशनच्या पेशंटला किती महागात पडतं ते कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला विचारा. वर ते सहा आठवड्यांचं, आठ आठवडे व्हायच्या आत पिल्लू आईपासून तोडूच नये.

मग कुत्र्याने होतं तरी काय? होतं, खूप होतं. वॉर्डात एक मुलगी होती, सहा दिवस कुणाशी एक शब्द बोललेली नाही. मी तिच्याकडे न बघता जमिनीवर बसले, भुरी तिच्याकडे पाठ करून तिच्या पायाला टेकून पडली, ती नेहमी तशीच पडते, तोंडासमोर जात नाही. दहा मिनिटं काहीच नाही. मग त्या मुलीचं एक बोट हळूच भुरीच्या कानाच्या आत गेलं, जिथे एकदम मऊ असतं तिथे, आणि ती कान आतबाहेर उलटा सुलटा करत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हिचा कान गरम आहे." एवढंच. शेजारी सायकॉलॉजिस्ट बसल्या होत्या, त्यांनी तोच धागा धरला, गरम का असेल गं, आणि त्या दोघी बोलायला लागल्या आणि आम्ही गप्प. पुढच्या आठवड्यात ती त्यांच्याशी घरचं बोलली असं नंतर कळलं, तेव्हा भुरी तिथे नव्हतीसुद्धा. त्या दिवशी त्या बाई शेजारी नसत्या तर तो गरम कान तिथेच संपला असता.

अभ्यासही हेच दाखवतात. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने २०१९ साली २४९ विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना हात लावून कुरवाळल्यावर कॉर्टिसॉल उतरलेलं दिसलं, नुसतं लांबून बघणाऱ्यांपेक्षा जास्त. त्याआधी १९९८ मध्ये हॉस्पिटलात दाखल असलेल्या २३० मनोरुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका सेशननंतर चिंता कमी झालेली दिसली. पण 'दाखल असलेल्या' हा शब्द वाचा ना, म्हणजे त्यांचे उपचार चालूच होते. २०२४ सालचा १५६ माजी सैनिक आणि सैनिकांवरचा अभ्यास तर मेसेजवाल्यांनी स्वतःच वाचायला हवा, त्यात ज्यांना शिकवलेले सर्व्हिस डॉग मिळाले त्यांची आघाताची लक्षणं तीन महिन्यांत बाकीच्यांपेक्षा बरीच कमी झाली. तो कुत्रा नेहमीच्या उपचारांबरोबर दिला होता, उपचार काढून घेऊन नाही.

राहिलेले दोन मुद्दे पटकन. सरकारने औषधाचा दर्जा दिला वगैरे काही नाही. तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीये : सर्व्हिस डॉग म्हणजे एकाच आजारी किंवा अपंग माणसासाठी ठरावीक कामं शिकवलेला, थेरपी डॉग म्हणजे भुरीसारखा हँडलरबरोबर इतरांना भेटणारा, आणि इमोशनल सपोर्ट अॅनिमल म्हणजे ज्याच्या नुसत्या सोबतीने बरं वाटतं असा घरचा प्राणी. अमेरिकेतल्या कायद्यात सर्व्हिस डॉगला दुकानात, हॉस्पिटलात जायचा हक्क आहे, बाकी दोघांना तसा नाही, आणि विमानात इमोशनल सपोर्टवाल्यांना मिळणारी सवलत तर २०२१ पासून देणं कंपन्यांवर बंधनकारकच राहिलेलं नाही. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या बरोब्बर उलटं झालंय.

आणि ते साठ वर्षांपूर्वीचे डॉक्टर म्हणजे न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन. त्यांच्याकडे एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधी आला, त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता, आणि मुलगा डॉक्टरांशी नाही पण कुत्र्याशी खुलला. लेव्हिन्सननी १९६२ साली त्यावर लेख लिहिला आणि जिंगल्सला शब्द वापरला 'को-थेरपिस्ट'. को म्हणजे बरोबरचा. डॉक्टर खोलीतून उठून गेले नव्हते.

बहिणीच्या डॉक्टरांना त्याच संध्याकाळी फोन केला, गोळी कशी परत सुरू करायची ते त्यांनी सांगितलं, गोळ्यांचा ताबा आता आठवडाभर माझ्याकडे आहे. झटके थांबलेत, झोप अजून पूर्ण आलेली नाही. पिल्लू त्याच्या आईकडे परत गेलं, त्याला न्यायला आले तेव्हा बहीण रडली आणि मीही रडले, खोटं कशाला बोलू. रविवारी भुरीला घेऊन जाते तिच्याकडे, कामावरचं व्हेस्ट म्हणजे जॅकेट न घालता, नुसती घरची म्हणून.

मावशीशी काल फोनवर सविस्तर बोलले. ती वाईट बाई नाही, भाचीचं बरं व्हावं म्हणूनच तिने पाठवलं, आणि ऐकल्यावर आधी गप्प झाली आणि मग तिने तो मेसेज डिलीट केला. पण त्याआधी तिने तो आणखी चार ग्रुपवर टाकला होता, आणि त्यातल्या दोन ग्रुपवर कोणी ना कोणी गोळ्या घेणारं आहे हे मला माहितीये. तुम्ही त्यांच्यापैकी असाल आणि तुमच्या स्ट्रिपमधली कालची गोळी अजून तिथेच असेल तर आज डॉक्टरांना फोन करा, दुप्पट डोस घेऊन भरून काढायला जाऊ नका, फक्त फोन करा आणि किती दिवस चुकले ते खरं खरं सांगा.